शनिवारचं सारवण

शेणाच्या वासाबद्दल लोक फार प्रेमानं बोलतात. आमच्याकडचेच पुण्याला गेलेले लोक सुट्टीत गावी येतात, सारवलेल्या अंगणात उभे राहून छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, याला म्हणतात गाव. मी चहाचा कप पुढं करते. त्या वासानं माझ्या लहानपणाचा एक अख्खा तुकडा गिळला होता, आणि चौथीच्या वर्गातल्या पोट्ट्यांनी तो मला कसा परत आणून दिला, ते मला इथं लिहायचं आहे. माझी सून मारेगावकडच्या एका शाळेत शिकवते. मागं ती कुठल्याशा ट्रेनिंगला जाऊन आली आणि जेवताना सांगत होती, की लहानपणी ज्यांच्या मनाला मोठा धक्का बसलेला असतो अशी मुलं वर्गातून पळतात, भांडतात, नाहीतर नुसती खिडकीबाहेर पाहत बसतात. त्यांना रागवायच्या आधी शिक्षकानं जरा थांबलं पाहिजे. पडद्यावर चित्रं दाखवली म्हणे. मी भाकर मोडता मोडता म्हटलं, "बाई, हे सारं आमच्या चौथीच्या वानखडे बाईले बिना पडद्याचं येत होतं." ती म्हणाली, आई, मग लिहून काढा ना. सुनेचं ऐकायची मला फारशी सवय नाही, पण हे ऐकलं.

आईचं आधी सांगून टाकते, म्हणजे पुढं जायला मी मोकळी. मी तिसरीत होते, त्या पावसाळ्यात आमच्या वावरात निंदण चालू होतं. शाळेला सुट्टी म्हणून मीही आईच्या मागं गेले होते. दुपारून आभाळ काळंकुट्ट झालं, सरी आल्या, आणि आईनं स्वतःच्या डोक्यावरची पोत्याची खोळ काढून माझ्या डोक्यावर घातली. मला पुढं ढकलत म्हणाली, "चाल, बाभळीखाली चाल." त्यानंतरचं मला काही आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी मानेपर्यंत शेणात होते. वीज पडलेल्या माणसाला शेणाच्या खड्ड्यात पुरायचं, शेण अंगातली वीज ओढून घेतं, असं आमच्याकडं मानत. अजूनही कुठंकुठं मानतात आणि त्यापायी दवाखान्यात यायला उशीर करतात. नोकरीत असताना मी यावरून कितीतरी लोकांशी तोंड वाजवलं आहे. तर गावाच्या उकिरड्याजवळ दोन खड्डे खणले होते. शेण ऊन होतं आणि फार जड होतं. हात हलवायला गेले तर हलेनात. मान वळवली तर शेजारच्या खड्ड्यात आईचं तोंड दिसलं, केसांत शेण, कपाळावर शेण, डोळे मिटलेले. मी हाका मारल्या. भोवतीच्या बाया म्हणाल्या, "पोट्टी बोलली व माय, पोट्टी वाचली." आई बोलली नाही.

खड्डे बाबांनी खणले होते, घरचं आणि शेजारचं सारं शेण बाबांनीच वाहून आणलं होतं. त्यामुळं गावात एक गोष्ट पक्की झाली, की कांताला शेणानं वाचवलं. पाहुणे आले की मला पुढं उभं करत आणि म्हणत, हीच ती. बाबांची बहीण, आमची आत्याबाई, आईनंतर आमच्या घरी राहायला आली होती. नवरा नसलेली, पोरंबाळं नसलेली, जिभेची तिखट आणि हाताची गोड बाई. ती पहाटे अंगणात सडा टाकायची, तेव्हा मला हात धरून बाहेर आणायची आणि म्हणायची, "शेणाले हात लाव, डोयाले लाव. त्यानंच तुले परत देल्लं." मी डोळे मिटून हात लावायची आणि मग गोठ्यामागं जाऊन ओकायची. तिला वाटे, पोरीला पित्त आहे. ती मला आल्याचा रस पाजायची. ज्यानं आपला जीव वाचवला त्याचा आपल्याला किळस येतो, हे मी कुणाला सांगणार होते? मला वाटायचं, मी फार वाईट मुलगी आहे.

घर तसं चांगलं होतं, उगाच रडगाणं गायला मला आवडत नाही. सकाळी पिठाच्या चक्कीची टुकटुक सुरू झाली की आम्हाला वेळ कळायची. बाबा बैलांना सरकीची ढेप घालताना त्यांच्याशी हळू आवाजात बोलत, आमच्याशी बोलत त्याहून जास्त. आत्याबाई भाकर थापायची तो आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. तव्यावरून उतरलेली ज्वारीची भाकर, अंबाडीची आंबट भाजी आणि वर कच्चं तेल, एवढं असलं की मला दुसरं काही नको असायचं. हिवाळ्यात तुरीच्या ओल्या शेंगा मीठ घालून उकडायच्या आणि चुलीभोवती बसून सोलून खायच्या. पण त्या चुलीजवळ आई बसलेली कशी दिसायची, हे मला आठवत नसे. आई आठवायला गेले की एकच चित्र यायचं, शेणातलं तोंड. तिचा आवाज, तिचे हात, तिचं रागावणं, सगळं त्या एका चित्राच्या मागं गेलं होतं. हे मला सगळ्यात जास्त दुखायचं.

शाळेत मात्र मी खूश असे. आमच्या शाळेला दोन खोल्या होत्या, वर कौलं आणि खाली मातीची जमीन. मोठी खोली चौथीची. गणितात माझा हात कुणी धरत नसे. पाढे तर मी दिडकी, अडीचकीसकट धडाधड म्हणायची. सोमवार ते शुक्रवार मी पहिली शाळेत पोचायची. शनिवार आला की माझं सगळं बिनसायचं. शनिवारी सकाळची शाळा आणि सकाळच्या शाळेत सारवण. मुलींनी घरून टोपलीत शेण आणायचं, मुलांनी विहिरीचं पाणी आणायचं, आणि मुलींनी ओळीनं बसून खोल्या सारवायच्या. ओल असेतो सगळ्यांनी शाळेपुढच्या कडुलिंबाखाली कवायत करायची, मग त्याच जमिनीवर येऊन बसायचं. टोपल्या फाटकातून आत यायला लागल्या की माझे पाय माझे राहत नसत. मी पळत सुटायची. दप्तर तिथंच, चपला तिथंच.

आमचे हेडमास्तर उमरे गुरुजी माणूस वाईट नव्हता, पण त्यांचा शिस्तीवर फार जीव. त्यांना वाटलं, पोरगी कामचुकार आहे. आधी रागवून पाहिलं, मग छडी देऊन पाहिली, मग एका शनिवारी दोन मोठ्या मुलींना माझे हात धरायला लावून माझ्या हातात शेणाचा गोळा दिला. धीर येईल असं त्यांना वाटलं असेल. मी एका मुलीच्या मनगटाला चावले आणि पळाले. पोरं मला 'ईजेची पोट्टी' म्हणायला लागली, माझ्याशेजारी कुणी बसेना. शेवटी गुरुजींनी बाबांना रस्त्यात गाठून सांगितलं, असंच चाललं तर हिचं नाव कमी करावं लागेल. बाबा म्हणाले, "करून टाका गुरुजी. बकऱ्या राखन." आत्याबाईनं ते मला जेवताना सांगितलं. माझ्यापाशी तेव्हा शाळेशिवाय स्वतःचं असं काही नव्हतं, आणि ती जाणार होती.

त्याच सुमारास वानखडे बाई आमच्या शाळेवर आल्या. यवतमाळच्या, नवीन नोकरीच्या, हडकुळ्या, मोठ्या दातांच्या. आमच्या गल्लीतच खोली घेऊन राहायच्या. संध्याकाळी त्यांच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला की आत्याबाई म्हणायची, "उडालं इचं इमान आभायात." त्यांना चौथीचा वर्ग दिला. पहिल्याच शनिवारी मी पळाले, तेव्हा त्या माझ्यामागं चालत आल्या. धावत नाही, चालत. गावाबाहेर नाल्यावर रपटा, म्हणजे ठेंगणा फरशीपूल आहे, त्याच्या कडेला मी बसायची आणि एकटीच पाढे म्हणायची, कारण शनिवारी वर्गात पाढे होत आणि माझे बुडत. बाई आल्या आणि थोड्या अंतरावर बसल्या. काहून पळालीस, हा एक शब्द त्यांनी काढला नाही. मी सतराचा पाढा म्हणत होते, त्यांनी अठराचा धरला. अठराच्या पाढ्यात त्या मुद्दाम चुकल्या, की खरंच चुकल्या, मला आजवर कळलेलं नाही. मी चूक काढली आणि त्यांनी ती निमूटपणे सुधारली.

पुढच्या शनिवारी त्या पुन्हा आल्या आणि या वेळी अगदी जवळ येऊन बसल्या. त्या सारवण अर्धं टाकून आल्या होत्या, त्यांच्या पायांना आणि लुगड्याच्या काठाला शेण लागलेलं होतं. मी सरकले. त्या जवळ आल्या, मी आणखी सरकले, आणि मग मला उलटी झाली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं, आपल्या पायांकडं पाहिलं. उठल्या, नाल्यात उतरल्या, पाय खसखसून धुतले, काठ धुऊन पिळला आणि ओल्याच येऊन माझ्याशेजारी बसल्या. या वेळी मी सरकले नाही. मग त्या म्हणाल्या, "शेणाचा वास?" मी मान हलवली. कुणालाही न सांगितलेलं ते सारं मग बाहेर आलं. ऊन शेण, जड शेण, आईचं तोंड. आणि शेवटी हेही सांगितलं, की सारे म्हणतात शेणानं मला वाचवलं, आणि मला त्याची घाण वाटते, म्हणून मी वाईट आहे. बाई म्हणाल्या, "त्यानं वाचवलं असेल बापा, आपण कशाला भांडायचं. पण म्हणून ते तुला आवडलंच पाहिजे, असं कुठं आहे?"

आज मी म्हातारी झाले, नातवंडं झाली, तरी एवढं मोकळं करणारं वाक्य मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही.

बाई तशाच उठून आमच्या घरी आल्या. बाबा ओसरीवर दोर वळत बसले होते. बाईंनी नीट, आदरानं सांगितलं, की कांता कामचुकार नाही, तिला शेणाचं भय बसलंय. बाबांचा हात थांबला. "माई पोरगी शेणानं वाचली, बाई," ते म्हणाले. "साऱ्या गावानं पाह्यलं. आन् तुमी मले सांगून राह्यल्या का तिले शेणाचं भेव वाटते?" बाई काही म्हणणार तोच बाबा उभे राहिले. माझ्या बापाचा आवाज चढलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "शेण नसतं तं हे बी गेली असती. तुमी शिकलेल्या आहा, तुमची शाळा तुमच्यापाशी ठेवा. तिचं नाव काढून टाका." आत्याबाई दारात उभी होती, ती नुसती पदराशी चाळा करत राहिली. तेव्हा मला बाबांचा फार राग आला. त्यांना हे ऐकवत का नव्हतं, ते कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. शेण जर नुसतं शेण असेल, तर त्या दिवशी त्यांनी आईसाठी काय केलं होतं?

बाई घरी जाऊन गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या गुरुजींकडं गेल्या आणि म्हणाल्या, चौथीची खोली शेणाशिवाय सारवू या. गुरुजींनी कपाळाला हात लावला. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. नुसत्या मातीला भेगा पडतात, धूळ उठते, किडामुंगी येते; आणि गाव काय म्हणेल? "एका पोरीपायी शेणाला नाही म्हणायचं? वानखडे बाई, लोक मला गावातून हाकलतील." दोघांचं पुष्कळ वाजलं. शेवटी ठरलं, की हिवाळ्यात शाळा तपासायला साहेब येणार आहेत, तोवर काय करायचं ते करा. जमीन नीट राहिली तर ठीक. भेगा पडल्या तर खोलीत शेण परत येईल, कांता ते सारवील, नाहीतर तिचं नाव जाईल. "आणि तोवर तिच्या बापाला मी थोपवतो," गुरुजी म्हणाले. हे शेवटचं त्यांनी का म्हटलं, देव जाणे. पण त्यांनी खरंच थोपवलं.

बाईंनी मग काही लहानसहान गोष्टी केल्या. मला दाराजवळची जागा दिली, म्हणजे बाहेर उघडं आहे हे मला दिसत राही. सांगितलं, जीव घाबरला तर पाटी उलटी ठेवायची आणि कुणाला न विचारता बाहेर जायचं, लिंबाला हात लावायचा आणि परत यायचं. पहिल्या आठवड्यात मी सारखी लिंबाकडं पळायची. मग जाता येतं एवढं पक्कं कळल्यावर जावंसं कमी वाटायला लागलं. आणि एके दिवशी बाईंनी सगळ्या वर्गाला विचारलं, कुणाला कशाचं भेव वाटतं? मग बेबी नावाची पोरगी, जिच्या मनगटाला मी चावले होते तीच, म्हणाली, "मले कोंबड्याचं." सारे हसले. मग एकेकजण सांगू लागला, कुणाला विहिरीचं, कुणाला मोठ्या काकाचं. तेवढ्यात गुरुजी दारात आले. बाईंनी त्यांनाही विचारलं. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "पालीचं." वर्ग इतका हसला की शेजारच्या खोलीतली पोरं पाहायला आली. पण त्या दिवसानंतर मला ईजेची पोट्टी कुणी म्हटलं नाही. आणि गुरुजींच्या खुर्चीमागं पाल दिसली की आम्ही त्यांना न सांगता हाकलून द्यायचो.

सारवणाचं काम बाईंनी माझ्यावरच सोपवलं. म्हणाल्या, "शेण नको हे तू म्हणतेस, मग काय पाहिजे तेही तूच शोध." त्या एका वाक्यानं मी आतून सरळ उभी राहिले. नाल्याच्या वरच्या अंगाला पांढऱ्या मातीची खाण होती, घरांच्या भिंती पोतायला लोक तिथून माती नेत. आम्ही पोरंपोरी घमेली घेऊन गेलो, माती आणली, भिजवली, खोलीच्या एका कोपऱ्यात सारवून पाहिली. काय पांढरीशुभ्र दिसली. सोमवारी येऊन पाहतो तर उन्हाळ्यातल्या तलावाच्या तळासारख्या भेगा. गुरुजी वाकून पाहून गेले. मग मातीत तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, कालवलं. भेगा थांबल्या, पण खाली बसलं की मांड्यांना टोचे. पोरं बसल्या जागी चुळबुळ करायला लागली. कुटार बारीक केलं तर पुन्हा भेगा. साहेबांचे दिवस जवळ आले होते. मला रोज सकाळी उठल्यावर आधी तो कोपरा आठवायचा.

मग अवकाळी पाऊस आला. कापूस वेचणीला आलेला, बोंडं फुटलेली, आणि वरून दोन दिवस झड. किती तरी बोंडं सडली. अशा डागी, अर्धवट उमललेल्या कापसाला आमच्याकडं कवडी म्हणतात, बाजारात त्याला कुणी विचारत नाही. आत्याबाई ओसरीवर कवडीचा ढीग करून बसली होती आणि शिव्या देत होती. मी तिच्याशेजारी बसून एक बोंड हातात घेतलं, त्यातला ओला पिवळा कापूस ओढून काढला, आणि बोटांत तो ताणला गेला तसं मला काहीतरी दिसलं. हात दिसले. हिरव्या बांगड्यांचे, मातीनं पांढरे झालेले दोन हात, पाण्यात कापूस पिंजतात, मातीत कालवतात, तिंबतात आणि चुलीला लिंपतात. "नुसती माती फुटते व," आईचा आवाज, अगदी तिचाच, जरा घोगरा. "कवडी घातली का धरून ठेवते." मी तिथंच बसल्या जागी रडायला लागले. आत्याबाई घाबरली. पण मला आनंद झाला होता. शेणातल्या त्या तोंडामागून माझी आई बाहेर आली होती, चूल लिंपत होती, आणि मला काहीतरी सांगत होती.

आमची चूल आई गेल्यापासून तडकलेलीच होती. मी त्याच दुपारी पांढरी माती आणली, कवडीचा कापूस पिंजून घातला, पायानं तुडवून लोण्यासारखी केली आणि चूल लिंपून काढली. आत्याबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिली, आडवी आली नाही. संध्याकाळी बाबा जेवायला बसले. भाकरीचा तुकडा मोडला आणि त्यांची नजर चुलीवर गेली. चुलीच्या कानांना, भांडं टेकतं त्या उंचवट्यांना, आई बोटांनी एक गोल वळण द्यायची. माझ्या हातून ते आपोआप झालं होतं.

"हे कोनं केलं?" बाबांनी विचारलं.

"मीनं."

"कोनं शिकोलं तुले?"

"आईनं," मी म्हटलं.

बाबांनी भाकर ताटात ठेवली. ते उठले आणि गोठ्यात गेले. आत्याबाई म्हणाली, "राहू दे त्याले." आम्ही दोघी त्यांची वाट न पाहता जेवलो.

साहेब यायच्या आधीच्या शनिवारी आम्ही खोली सारवायला घेतली. कापूस-मातीचा तुकडा कोपऱ्यात सुकून दगडासारखा बसला होता, तेव्हा गुरुजींनीही मान डोलवली होती. पण खोली मोठी, माती घमेल्यांनी आणायची, आणि उन्हं चढायला लागली तरी अर्धीदेखील जमीन झाली नव्हती. पोरं दमली. बेबीच्या हाताला फोड आला. बाई पदर खोचून माती तुडवत होत्या आणि सारख्या उन्हाकडं पाहत होत्या, म्हणजे त्यांनाही दिसत होतं. मी रडकुंडीला आले. एवढ्यात फाटकाशी घुंगरं वाजली. ती आमच्याच बैलांची होती, मला पाहायचीही गरज पडली नाही. बाबा गाडी घेऊन आले होते. गाडीत काठोकाठ पांढरी माती आणि वर कवडीची दोन पोती. गाडी उलटी लावली, मागची आडफळी काढली, धोतर गुडघ्यावर बांधलं आणि मातीत उतरले. आपला बाप तुडवतो तेव्हा माती कशी तयार होते, ते मी डोळे भरून पाहिलं. दुपारच्या आत खोली झाली.

इथं थोडं पुढचं सांगते. मी पुढं नर्स झाले. पहिल्यांदा वीज पडलेला माणूस आमच्या दवाखान्यात आणला, तो डोक्यापासून पायापर्यंत शेणानं भरलेला होता. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. तोच वास होता, पण माझे पाय दाराकडं वळले नाहीत. मी बादली घेऊन पुढं झाले आणि त्याला धुतलं. तो वाचला. त्या दिवशी घरी येऊन मी शिरा करून खाल्ला. बाबा खूप म्हातारे झाल्यावर एकदा त्यांनी मला विचारलं, "कांते, त्या दिवशी गाडी जुंपून घाटंजीच्या दवाखान्यात नेलं असतं तं?" इतकी वर्षं हा प्रश्न त्यांच्या पोटात होता. खरं काय ते मला ठाऊक नाही. मी म्हटलं, "आई वावरातच गेली होती, बाबा. खोळ मले देऊन गेली." ते बराच वेळ माझा हात धरून बसले. त्या दिवशी न जुंपलेली गाडी त्यांनी शाळेसाठी जुंपली होती, हे आम्हा दोघांना माहीत होतं, बोलून काय दाखवायचं?

साहेब आले ते पुढच्याच शनिवारी, सकाळच्या शाळेला. जाडजूड, घाम पुसणारा माणूस. बाबा त्या दिवशीही आले होते, फाटकाबाहेर बैलांपाशी उभे, कुणी विचारलंच तर पाणी पाजायला थांबलो म्हणायला तयार. साहेबांनी चपला काढून चौथीच्या खोलीत पाय ठेवला, खाली पाहिलं, पुन्हा पाहिलं. जमीन पांढरी, गुळगुळीत, एक भेग नाही. पण नाक उचलून ते म्हणाले, "हेडमास्तर, आज शनिवार. शेणाचं सारवण दिसत नाही?"

माझी पाटी माझ्या हातात होती. ती उलटी ठेवावी असं मनात आलं. गुरुजी घसा साफ करून म्हणाले, "साहेब, या खोलीत शेण वापरत नाही आम्ही. आमच्या एका मुलीला ते चालत नाही."

"एका मुलीसाठी?"

"शाळेचा पट एकेकानंच भरतो, साहेब," गुरुजी म्हणाले. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ज्या माणसानं माझ्या हातात शेणाचा गोळा दिला होता, तोच हे बोलत होता, आणि बाई त्यांच्याकडं पाहतच राहिल्या.

साहेब वाकले. जमिनीवर हात फिरवला, नखानं खरवडून पाहिलं. "कुणी केली?" सगळ्या वर्गानं एकदम माझ्याकडं बोट केलं. मी उभी राहिले. "मातीत कवडी घातली, साहेब. माया आईची रीत आहे." साहेब हसले आणि म्हणाले, दुसऱ्या खोलीलाही करा. मग खुर्चीवर बसून त्यांनी गुरुजींना हजेरी घ्यायला सांगितलं. मी दारातल्या माझ्या जागेवर बसले. बाहेर उघडं होतं, लिंब होता, त्याच्यापलीकडं बाबा होते, आणि मला कुठंही जायचं नव्हतं. गुरुजी एकेक नाव घेत माझ्यापर्यंत आले. शनिवारी माझ्या नावाशी ते थांबत नसत, नुसतं पुढं जात. त्या दिवशी थांबले. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, मोठ्यानं.

"हजर," मी म्हटलं.

इतक्या जोरात म्हटलं, की ते फाटकापर्यंत गेलं. बाबा तिथं उभ्या असलेल्या साहेबांच्या शिपायाला सांगत होते, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"थे माई पोरगी होय."